रोज अर्धा तास योगासनं: घरी कशी सुरू करायची आणि त्याने अंगात, डोक्यात नेमकं काय बदलतं

तीन वर्षांपूर्वी गणपतीत मावशीकडे जमिनीवर पंगत बसली होती. मोदक चेपून खाल्ले ते ठीक, पण उठायची वेळ आली तेव्हा मांडी सुटेना, एका पायाला मुंग्या येऊन तो बधिर, शेवटी शेजारच्या वहिनींचा खांदा धरून मी कशीबशी उभी राहिले. वय 44. माझ्या सासूबाई तेव्हा 71 च्या, त्या माझ्या आधी उठून उष्टी पानं गोळा करायला लागल्या होत्या. घरी येताना रिक्षात मी गप्पच होते.

तेव्हापासून मी रोज (म्हणजे आठवड्यातले पाच-सहा दिवस, खोटं कशाला बोला) सकाळी अर्धा तास आसनं आणि प्राणायाम करते. मी काही योगशिक्षिका नाही. डोंबिवलीहून लोकलने ऑफिसला जाणारी आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई आहे. पण ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारतं की तू नक्की काय करतेस, कुठून सुरू करू, मग तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतेय.

आधी मी काय चुकले ते

पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मी मोबाईलवर व्हिडिओ लावून थेट हलासन केलं. पाय डोक्यामागे नेले, तिथे काहीतरी कट्कन झालं, आणि पुढचे नऊ दिवस मान एका बाजूला. लोकलमध्ये मागून कोणी हाक मारली की सगळं अंग वळवून बघायचं. त्यात व्हिडिओची चूक नव्हती, ती मुलगी मस्त करत होती, पण मी काय करतेय हे तिला कुठे दिसत होतं?

मान सुटल्यावर घराजवळच्या एका बाईंच्या क्लासला गेले. तीन महिने, आठवड्यातून तीन दिवस. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की निदान दोन-तीन महिने कोणाच्यातरी डोळ्यांसमोर शिका. आपण पाठ ताठ आहे असं समजतो आणि ती धनुष्यासारखी वाकलेली असते, हे आरशातही नीट कळत नाही. आपल्याकडे तर शिकायला जागांची कमी नाही. श्री योगेंद्र यांनी 1918 साली मुंबईत वर्सोव्याला संस्था सुरू केली, ती आता सांताक्रूझला आहे, आणि तिचा भर पहिल्यापासून संसारी माणसावर. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाने शरीरात काय होतं ते प्रयोगशाळेत मोजायला घेतलं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार 1937 पासून शिकवत होते. एवढं सगळं ट्रेनने दोन-तीन तासांच्या आत असताना आपण व्हिडिओ बघून मान मोडून घेतो.

कोणी आधी डॉक्टरांना विचारायचं

हे कंटाळवाणं आहे पण गाळू नका. बीपी जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, काचबिंदू असेल, स्लिप डिस्क किंवा सायटिका असेल, हर्निया असेल, हल्लीच ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टर, मग आसनं. काचबिंदूवाल्यांनी डोकं खाली जाईल असं काहीही करायचं नाही, कारण डोळ्यातला दाब वाढतो. बीपीवाल्यांनी श्वास कोंडून धरायचा नाही, शीर्षासनाच्या नादी लागायचं नाही, आणि कपालभाती (पोट आत मारत श्वास झटक्याने बाहेर टाकणं) जोरजोरात तर नाहीच. स्लिप डिस्कवाल्यांनी पुढे वाकणं टाळायचं.

आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत! आमच्या यांना बीपी आहे. माझ्यासोबत दोन महिने प्राणायाम केल्यावर एक दिवस म्हणाले आता गोळी कशाला. मी म्हटलं ते तुम्ही नाही, डॉक्टर ठरवतील. अजून गोळी चालू आहे. डोस कमी झाला, पण तो डॉक्टरांनी केला, आणि त्यात यांच्या मीठ कमी खाण्याचा आणि चालण्याचाही वाटा आहे, त्यामुळे सगळं श्रेय प्राणायामाला देणार नाही मी.

पायरी पहिली: वेळ, जागा आणि एक जुनी चादर

पोट रिकामं हवं. पोटभर जेवल्यावर साडेतीन-चार तास, चहा-बिस्किटावर तासभर तरी. म्हणून सकाळ सोयीची, पोट साफ झालेलं असतं आणि घरात अजून कोणी "आई माझा टॉवेल" म्हणत नाही. सकाळी अंग आखडलेलं असतं हे खरं, संध्याकाळी जास्त वाकता येतं, पण संध्याकाळ कोणाच्या हातात असते? ज्यांची असते त्यांनी खुशाल संध्याकाळी करा.

माझी वेळ 5.50 ते 6.20. जागा हॉलमध्ये सोफा आणि टीव्हीच्या मधली, हात पसरले की एका बाजूला टीपॉयला लागतो. मॅट घेतलीच पाहिजे असं नाही, सतरंजी चालते, फक्त ती फरशीवर सरकते आणि उभ्या आसनात पाय घसरतो, त्यामुळे उभं राहून करायचं ते अनवाणी सरळ फरशीवर करा. पंखा बंद किंवा एकवर. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

शिवाय तीन गोष्टी लागतील: एक जाड चादर किंवा घोंगडी, एक जुनी कॉटनची ओढणी, आणि भिंत. या तीन गोष्टींनी माझं निम्मं काम केलं, कसं ते पुढे येतं.

पायरी दुसरी: सांधे मोकळे करणं, पाच मिनिटं

उठल्या उठल्या आसन नाही. आधी पायाची बोटं, घोटे, गुडघे, मग मनगटं, कोपरं, खांदे, सगळं दोन्ही दिशांना पाच-सहा वेळा फिरवायचं. मान गोल गरागरा फिरवायची नाही, उजवीकडे-डावीकडे आणि वर-खाली, बस. माझे खांदे फिरवताना अजूनही कुर्रर्र आवाज येतो, दुखत नसेल तर त्याचं काही वाटून घ्यायचं नाही असं बाई म्हणाल्या.

पायरी तिसरी: सूर्यनमस्कार, पण हळू

आमच्या शाळेत रथसप्तमीला मैदानावर सगळ्यांकडून सूर्यनमस्कार घालून घ्यायचे, ॐ मित्राय नमः, ॐ रवये नमः असं माईकवर, आणि आम्ही पोरी एकमेकींकडे बघत हसत कसेतरी उरकायचो. महाराष्ट्रात सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून घरोघरी पोचवण्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा हात, त्यांनी ते संस्थानातल्या शाळांत लावले. त्यांच्या पद्धतीत दहा अंक, म्हणजे दहा स्थिती, होत्या, हल्ली बहुतेक ठिकाणी बारा शिकवतात. तुम्हाला जे येतात ते करा, भांडण नको.

सुरुवात दोन किंवा चार नमस्कारांनी. नेम असा की एक अंक, एक श्वास. वर जाताना आणि छाती उघडताना श्वास आत, खाली वाकताना बाहेर. श्वास अपुरा पडायला लागला, तोंडाने घ्यावासा वाटला, की समजायचं वेग जास्त झाला. पुढे वाकताना गुडघे थोडे वाकवले तरी चालतात, हात जमिनीला लागलेच पाहिजेत असा काही कायदा नाही. अष्टांग नमस्कारात कपाळ, छाती, दोन हात, दोन गुडघे आणि दोन पाय टेकतात, पोट वरच राहतं. मी वर्षानुवर्षं पोट टेकवून सरळ झोपायचे आणि त्यालाच नमस्कार म्हणायचे.

आता मी आठ घालते. 108 चं चॅलेंज वगैरे करणाऱ्यांना माझा नमस्कार, पण एका दिवशी 108 घालून पुढचे दहा दिवस अंग धरून बसणारे मी पाहिलेत.

पायरी चौथी: आसनं, मोजकीच

खूप आसनं करू नका. सात-आठ पुरतात, फक्त त्यात पाठीचा कणा पुढे, मागे आणि बाजूला वळला पाहिजे आणि पाय मजबूत झाले पाहिजेत. माझा क्रम सांगते.

ताडासन. नुसतं उभं राहणं म्हणून लोक याला हसतात. भिंतीला पाठ लावून उभे राहून बघा: टाचा, बसायचा भाग, खांदे आणि डोकं भिंतीला टेकतं का? माझं डोकं भिंतीपासून चार बोटं पुढे होतं. कॉम्प्युटर आणि मोबाईलची कृपा. डोकं पुढे आलं की ते तोलून धरायला मानेमागचे स्नायू दिवसभर ओढ धरून राहतात, आणि संध्याकाळी मान भरून येते ती त्यानेच. रोज एक मिनिट भिंतीशी उभी राहून राहून दीड वर्षाने अंतर एका बोटावर आलंय.

मग वृक्षासन, भिंतीजवळ. एक पाय उचलून तळवा दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूला लावायचा, मांडीला नाही जमला तर पोटरीला, पण गुडघ्याच्या सांध्यावर दाब द्यायचा नाही. नजर समोर एका जागी, मी टीव्हीच्या लाल दिव्याकडे बघते. तोल हा वयाप्रमाणे कमी होत जाणारा गुण, आणि म्हातारपणी बाथरूममध्ये पडून खुबा मोडणं किती घरांत झालंय ते आपण सगळेच जाणतो. म्हणून दिसायला खेळ असला तरी हे आसन सोडू नका.

त्रिकोणासन. पाय लांब, बाजूला वाकायचं, हात नडगीवर. खाली जायचा हव्यास नको. हात जेवढा खाली नेतो तेवढी छाती जमिनीकडे वळते आणि सगळी मजा जाते.

मग पालथं झोपून भुजंगासन, म्हणजे डोकं आणि छाती वर उचलणं. इथे सगळे हातांनी जोर लावून वर येतात. बाई म्हणाल्या, वर या आणि तळवे जमिनीवरून एक इंच उचला. मी धप्पकन खाली! म्हणजे पाठ काही करतच नव्हती. पाठीच्या जोरावर जेवढं वर येता येतं तेवढंच तुमचं भुजंगासन, मग ते वीतभर का असेना. कंबरदुखीत पाठीचे आणि पोटाचे स्नायू ढिले पडल्याचाही वाटा असू शकतो, तिथे हे आसन आणि उताणं झोपून करायचं सेतुबंध (गुडघे वाकवून कंबर वर उचलणं) ही जोडी फार कामाची.

आता पश्चिमोत्तानासन, ज्याच्यावर मी जास्त बोलणार आहे. पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचे. पहिल्या दिवशी माझे हात गुडघ्याच्या दोन बोटं पुढे जाऊन थांबले. मी दात-ओठ खाऊन झटके देत होते. बाई आल्या, काही न बोलता घोंगडीची चौपदरी घडी माझ्या बसायच्या जागेखाली सरकवली, ओढणी तळव्यांभोवती टाकून तिची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पोट मांडीकडे न्या, डोकं राहू द्या." आणि काय सांगू, कंबरेतून वाकणं काय असतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

यामागचं कारण मला नंतर समजलं. मांडीच्या मागचे स्नायू वर त्याच हाडांना जोडलेले असतात ज्यांवर आपण बसतो. दिवसभर खुर्चीत बसून ते आखडले की पाय लांब करताच ते त्या हाडांना खेचतात, कंबर मागे कलंडते, आणि मग पुढे वाकायला फक्त कण्याचा खालचा भाग उरतो. तो वाकतो, दुखतो, आणि आपण म्हणतो योगाने कंबर धरली. बसायची जागा चार इंच वर केली की कंबर पुढे कलंडू शकते. साधी युक्ती आहे. अय्यंगारांनी दोऱ्या, पट्टे, विटा, खुर्च्या, लोड असं काय काय वापरून हेच जगभर नेलं, आणि ते स्वतः लहानपणी इतके आजारी असायचे की आसनं सुरू झाली तीच तब्येत सुधारावी म्हणून.

आणि झटके का नाही द्यायचे? स्नायू एकदम खेचला की तो स्वतःला वाचवायला उलट आकसतो. म्हणून जिथे ओढ जाणवते पण तोंड वाकडं होत नाही तिथे थांबायचं आणि पाच-सहा सावकाश श्वास घ्यायचे. श्वास सोडताना अंग आपोआप केसभर खाली जातं. ओढ वेगळी आणि कळ वेगळी: ओढ स्नायूच्या मध्यावर लागते आणि आसन सोडल्यावर बरं वाटतं, कळ सांध्यात टोचते किंवा पायात शॉकसारखी उतरते. कळ आली की आसन सोडायचं, मर्दुमकी नको.

पुढे बसल्या बसल्या वक्रासन, म्हणजे कण्यातून मागे वळणं, दोन्ही बाजूंना. मग पवनमुक्तासन (उताणं झोपून गुडघे पोटाशी धरणं), गॅसेससाठी अगदी नावाप्रमाणे वागतं, घरातल्यांपासून लांब करा. शेवटी भिंतीला पाय टेकवून विपरीत करणी, कंबरेखाली तीच घोंगडी, तीन मिनिटं. दिवसभर लोकलमध्ये उभं राहून पाय सुजतात त्यांनी हे संध्याकाळी घरी आल्यावरही करावं. पायातलं रक्त आणि पाणी खाली ओढलं जायचं ते उलट फिरतं, पाय हलके होतात. मला तर तिथेच डुलकी लागते. पाळीच्या दिवसांत मी हे आणि सूर्यनमस्कार सोडते, नुसती हलकी आसनं आणि श्वास.

पायरी पाचवी: शवासन, जे सगळे गाळतात

चार ते पाच मिनिटं. उताणं पडायचं, पाय थोडे फाकलेले, तळहात आभाळाकडे, अंगावर पातळ चादर कारण अंग गार पडतं. पायाच्या बोटांपासून एकेक भाग सैल सोडत वर यायचं. जबडा विसरू नका, माझे दात रात्रंदिवस एकमेकांवर आवळलेले असायचे आणि मला पत्ताच नव्हता. पहिले दोन महिने मी शवासनात डब्याला काय भाजी करायची ते ठरवायचे. चालतं. भाजीचा विचार आला हे लक्षात आलं की परत श्वासाकडे यायचं, पाच मिनिटांत वीस वेळा यावं लागलं तरी. उठताना एकदम उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधाराने, नाहीतर घेरी येते.

पायरी सहावी: श्वास

मांडी घालून बसा, बुडाखाली घोंगडी, नाही जमलं तर खुर्चीवर बसा, फक्त पाठ टेकू नका.

पहिला महिना फक्त एवढंच: नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. आकडा म्हणजे साधारण सेकंद. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले, जिथे एरवी आपण बसल्या बसल्या 12 ते 20 घेतो. पाच मिनिटं.

हे करताना एक गंमत करून बघा. दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर नाडीला लावा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते, नीट लक्ष दिलं तर बऱ्याच जणांना बोटाला कळतं. म्हणजे श्वास सोडणं जेवढं लांबवाल तेवढा वेळ हृदय निवांत चालीवर राहतं, आणि शरीर "धोका नाही, आराम कर" या अवस्थेत जातं. राग, घाबरणं, झोप न येणं, या सगळ्यात आपल्याला थेट हृदयाला सांगता येत नाही की बाबा हळू चाल. श्वासाला सांगता येतं. प्राणायामाच्या फायद्यांवर मी काय काय अचाट वाचलंय, पण मला पटलेली आणि बोटाला लागलेली गोष्ट ही एवढीच, आणि ती पुरेशी आहे.

दुसऱ्या महिन्यात अनुलोम-विलोम. उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर. डावीने आत, उजवीने बाहेर, उजवीने आत, डावीने बाहेर, हे एक आवर्तन. नाक दाबून चेपायचं नाही, नुसतं टेकवायचं. श्वासाचा आवाज आपल्याला पण ऐकू येता कामा नये. श्वास रोखून धरायचं, म्हणजे कुंभक, ते स्वतःच्या मनाने करू नका, समोर शिकवणारं हवं.

शेवटी भ्रामरी, पाच वेळा. कान बंद, श्वास सोडताना तोंड मिटून भुंग्यासारखा म्म्म. मुलाच्या मते मी सकाळी मिक्सर लावते. कवटीत जो गुंजारव होतो त्याने डोकं इतकं शांत होतं की नंतर मिनिटभर डोळे उघडावेसे वाटत नाहीत.

कपालभाती मी आठवड्यातून दोनदा, तीस ठोक्यांची दोन आवर्तनं, सेकंदाला एक ठोका. टीव्ही बघत बघत पाच-पाचशे करणाऱ्यांनी आपलं बीपी आणि हर्निया एकदा तपासून घ्यावं.

कधी काय बदलतं

पहिले दोन आठवडे काहीच नाही, उलट अंग दुखतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोप सुधारली. रात्री तीनला जाग येऊन छताकडे बघत पडायचे ते कमी झालं. दीड महिन्याने हात नडगीच्या मध्यापर्यंत गेले. एवढ्यात काही स्नायू लांब होत नाही, तर इतकी ओढ सुरक्षित आहे हे मज्जासंस्थेला पटतं आणि ती ब्रेक थोडा सैल सोडते. म्हणूनच आठवडाभर सुट्टी घेतली की ब्रेक परत आवळला जातो, आणि म्हणूनच रविवारी दोन तास करण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी.

चार-पाच महिन्यांनी पाठीचा शेक बंद. संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायचे ती पिशवी कपाटात गेली. बसून उठणं, फरशीवर बसून मेथी निवडणं, वाकून चप्पलचा पट्टा लावणं, असल्या फालतू वाटणाऱ्या गोष्टी विनासायास व्हायला लागल्या.

मनाचं उशिरा कळलं. पावसाळ्यात एकदा गाड्या लेट, दिवा स्टेशनला एक बाई चढली आणि तिने कोपराने मला असं ढकललं की एरवी मी तिची सात पिढ्यांची उजळणी केली असती. तोंड उघडलं, आणि त्या क्षणी लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवलाय. सोडला. तेवढ्या सेकंदात भांडण निघून गेलं. असं दर वेळी होत नाही, परवाच भाजीवाल्याशी भांडून आले. पण आधी राग आणि तोंड यांच्यात फटच नव्हती, आता बारीकशी आहे. ताण कमी झाला का? ऑफिसातलं काम तेवढंच आहे, बॉस तोच आहे. मी त्यातून रात्रीपर्यंत बाहेर येते एवढं खरं.

आणि जे झालं नाही ते पण सांगते. वजन फारसं उतरलं नाही, तीन वर्षांत दोन किलो. हळू केलेल्या आसनांत फार उष्मांक जळत नाहीत, त्यासाठी चालणं आणि ताटात हात आखडता घेणं याला पर्याय नाही. थायरॉइडची गोळी आहे तशीच आहे.

खंड पडला की

पतंजलींनी अभ्यास पक्का कशाने होतो ते सांगताना तीन गोष्टी सांगितल्यात: दीर्घकाळ, नैरंतर्य आणि सत्कार. बराच काळ करा, खंड न पाडता करा, आणि आदराने करा. पहिले दोन सगळे सांगतात. तिसरं मला जास्त आवडतं, कारण एका डोळ्याने व्हॉट्सअप बघत केलेल्या पंचवीस मिनिटांपेक्षा मन लावून केलेली दहा मिनिटं जास्त लागू पडतात, हे मी दोन्ही करून पाहिलंय.

खंड पडणारच. लग्नसराई, मुलाची परीक्षा, ताप, सासरी पाहुणे. मी जेव्हा जेव्हा "सोमवारपासून परत" म्हटलं तेव्हा तो सोमवार तीन आठवड्यांनी आला. आता माझ्याकडे एक आखूड पाठ आहे, उशीर झालेल्या दिवसासाठी: दोन सूर्यनमस्कार, भुजंगासन, भिंतीला पाय, आणि वीस सावकाश श्वास. दहा मिनिटं. तापातून उठल्यावर आठवडाभर तेवढंच, आणि आसनं सुटल्यावर परत सुरू करताना जिथे सोडलं तिथून नाही, निम्म्यावरून.

प्रवासात हॉटेलच्या गादीवर करू नका, मनगट मुरगळतं. जमिनीवर टॉवेल टाका.

घरात वयस्क माणूस असेल तर

सासूबाईंचे गुडघे मागच्या वर्षी कुरकुरायला लागले, आता खाली बसणं बंद. त्यांच्यासाठी बाईंनी खुर्चीवरचं बसवून दिलं. बिनहाताची, न सरकणारी खुर्ची, प्लास्टिकची नाही, ती घसरते. खुर्चीवर बसून पाय एकेक करून सरळ उचलायचा आणि दहा आकडे धरायचा, मांडीचा स्नायू घट्ट झाला पाहिजे, कारण गुडघ्याचा भार तोच उचलतो. मग बसल्या बसल्या कमरेतून वळून खुर्चीची पाठ धरायची, दोन्ही बाजूंना. मग खुर्चीची पाठ धरून उभं राहून टाचा वर-खाली, दहा वेळा. आणि शेवटचं, हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, पाच वेळा. हे त्यांना सुरुवातीला एकदाही जमत नव्हतं, मी खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली. दोन महिन्यांनी एक उशी काढली. दुसरी अजून आहे, आणि ती काढायला हात लावला की त्या म्हणतात, "राहू दे गं, दिवाळीनंतर बघू."